राजेंद्र चोळाचं आरमार कडारमला कशासाठी गेलं होतं?

‘भारतानं गेल्या दहा हजार वर्षांत कुठल्याही देशावर आक्रमण केलेलं नाही’ हा मेसेज अधूनमधून सगळ्या ग्रुपांवर फिरतो. सोबत तीन दावे असतात: आपले राजे समुद्र ओलांडून लढायला गेले नाहीत, बाहेर गेली ती फक्त संस्कृती, आणि कुठे चकमक झालीच असेल तर ती व्यापाराच्या रक्षणासाठी, राज्य बळकावण्यासाठी नव्हे.

पहिल्या दाव्याला अकराव्या शतकातला तमिळ राजा राजेंद्र चोळ खुद्दच उत्तर देतो. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात त्याचा तमिळ लेख आहे (याच मंदिरात पुढे सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा मराठी इतिहास कोरून घेतला). उसळत्या समुद्रात अनेक जहाजं सोडली, कडारमचा राजा संग्राम विजयोत्तुंगवर्मन याला त्याच्या हत्तींसह पकडलं, साठवलेला खजिना आणि नगराच्या वेशीवरची ‘विद्याधर तोरण’ ही कमान घेतली, असं त्यात अभिमानानं सांगितलं आहे. पुढे श्रीविजय, पण्णै, मलैयूर अशी जिंकलेल्या ठिकाणांची यादीच येते. ही 1025ची मोहीम. कडारम म्हणजे आजच्या मलेशियातलं केदाह, तेव्हा श्रीविजय साम्राज्याच्या ताब्यातलं. राजेंद्रानं ‘कडारम जिंकणारा’ हे बिरुदही मिरवलं. जे त्यानं दगडात कोरून ठेवलं, ते आपण कुठल्या तोंडानं नाकारायचं?

संस्कृती गेली, हे खरंच आहे. इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावरच्या पालेमबांगभोवती उभं राहिलेलं श्रीविजय हे बौद्ध विद्येचं मोठं केंद्र होतं. चिनी भिक्खू इत्सिंग 671 मध्ये भारतात येताना वाटेत तिथे थांबून संस्कृत व्याकरण शिकला. भारतात जाण्याआधी इथे वर्ष-दोन वर्षं अभ्यास करा, असं त्यानं आपल्या देशातल्या भिक्खूंना सुचवलं. पुढे हे साम्राज्य इतकं विस्मरणात गेलं की फ्रेंच अभ्यासक जॉर्ज सेदेस यांना 1918 मध्ये ते नव्यानं जगापुढे मांडावं लागलं. पण संस्कृती पोचली म्हणून तलवार पोचली नाही, असं कसं ठरतं? इथे तर दोन्ही पोचल्या.

व्यापाराचा मुद्दा मात्र वजनदार आहे. मलाक्काच्या सामुद्रधुनीवर श्रीविजयाची पकड होती आणि चीनशी चालणारा व्यापार तिथूनच जायचा. मोहिमेमागे हे कारण असावं, असं अनेक इतिहासकार मानतात. तरीही याला ‘रक्षण’ म्हणणं मला पटत नाही. श्रीविजयाच्या राजानं तमिळ किनाऱ्यावरच्या नागपट्टणमला बांधलेल्या बौद्ध विहारासाठी राजेंद्राच्या बापानं, राजराजानं, आनैमंगलम गाव दिलं होतं. त्या दानाला जेमतेम वीस वर्षं होतात न होतात, तोच चोळांनी त्याच स्नेह्यांची नगरं लुटली.

राज्य बळकावलं नाही, हे सुमात्रापुरतं बरोबर आहे. तिथे चोळांनी कारभार बसवल्याचा पुरावा नाही, त्यामुळे अख्ख्या आग्नेय आशियाला चोळांचा रंग देणारे नकाशेही चुकीचेच. श्रीलंकेत मात्र हे साफ खोटं ठरतं. 993च्या सुमारास राजराजानं तिथली राजधानी अनुराधापूर पाडली आणि पोलोन्नरुवाला ठाणं केलं. 1017 मध्ये राजेंद्रानं राजा पाचवा महिंद याला कैद करून भारतात आणलं. तो इथेच कैदेत वारला. स्तूपांच्या धातुगर्भांची (पवित्र अवशेष ठेवलेल्या कोठड्यांची) मोडतोड करून तिथली संपत्ती नेल्याची तक्रार सिंहली राजांच्या पाली इतिवृत्तात आहे. 1070 मध्ये पहिल्या विजयबाहूनं चोळांना हुसकावून लावलं, तोवर बेटाचा मोठा भाग त्यांच्याच ताब्यात होता.