दम लागला नाही म्हणजे धावलीच नाही?

सकाळपासून डोकं फिरलंय. लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

आपल्या एका मैत्रिणीने काल फोटो टाकला होता. ५ किलोमीटर, ४५ मिनिटं, घामाने चिकटलेले केस आणि कितीतरी दिवसांनी दिसलेलं ते हसू. गेलं वर्ष तिने कसं काढलंय ते तुम्हाला माहीत आहे, मी उगाळत बसत नाही. खाली एका गृहस्थांनी लिहिलं, "याला धावणं म्हणत नाहीत. गप्पा मारता येतायत म्हणजे अंगाला काही लागलंच नाही." आज बघते तर फोटो गायब. काढून टाकला तिने.

अहो, तुम्ही जे सांगताय ना, ते मी चार महिने करून बसलेय!

सहा वर्षांपूर्वी मला १० किलोमीटरला ५८ मिनिटं लागायची. ५५ च्या आत यायचंच, असं मनाने घेतलं. रोज ऊर फुटेस्तोवर पळायचं, वेळ आपोआप खाली येते, हे कुणीतरी डोक्यात भरवून दिलेलं. एक दिवस सैल सोडला नाही. रात्री तीनला टक्क जाग यायची. पहाटे अंथरुणातच नाडी मोजायचे, ती ५८ वरून ६६ वर गेली. आणि एका सकाळी माझा चार वर्षांचा मुलगा बूट घेऊन आला, "आई, लेस बांध ना." मी त्याच्या हातातून लेस हिसकावली आणि इतकी करकचून आवळली की त्याने पाय मागे ओढला. रडला नाही. दुसऱ्या बुटाच्या लेसची टोकं त्याने बोटांनी आत खोचली आणि तसाच निघून गेला.

शर्यतीत मला ६१ मिनिटं लागली.

याला ओव्हरट्रेनिंग म्हणतात. झोप मोडते, सकाळची नाडी चढते, माणूस तुसडा होतो आणि वेळ उलट वाढते. जोरात पळालं की कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन ही ताणाची संप्रेरकं वाढणारच, त्यात गैर काही नाही. पण सावरायला उसंत मिळाली तरच शरीर त्यातून कमावतं. ती मी दिलीच नव्हती. मन आधीच ओरडून सांगत होतं, मला ते लेसच्या दिवशीही ऐकू आलं नाही.

आणि गप्पांचं म्हणाल तर तीच खरी खूण आहे! बोलता येतं पण गाता येत नाही, तो वेग मध्यम. त्याच्या आत राहिलं तर बहुतेकांना पळता पळताच बरं वाटतं. श्वास तुटायला लागला, वाक्य पुरं होईना, की जवळपास प्रत्येकाला ते नकोसं होतं, मग तो कितीही जिद्दी असो. रोज नकोसं वाटणारी गोष्ट किती दिवस करणार कुणी?

पळताना होणारा तो आनंद एंडॉर्फिनमुळे, म्हणजे शरीरातल्या वेदना कमी करणाऱ्या रसायनामुळे, होतो असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहज शिरत नाही. आता जास्त बोट दाखवलं जातं ते शरीर स्वतःच बनवतं त्या आनंदामाइडकडे (हो, आपल्याच 'आनंद'वरून पडलेलं नाव). ते शिरतं. आणि तपासून पाहिलं तेव्हा असे पदार्थ मध्यम वेगाने पळणाऱ्यांत वाढले, अगदी रमतगमत चालणाऱ्यांत नाही आणि जीव तोडून पळणाऱ्यांतही नाही. २०११ मध्ये १२० वयस्कर माणसांवरचा अभ्यास आला होता. त्यातल्या निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला ४० मिनिटं चालण्याचा व्यायाम केला. स्मरणाचं काम करणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस त्यांच्यात सुमारे २ टक्के वाढला. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा आकसला. चालून, गृहस्थ! चालून!

हो, जोरात पळण्याचेही फायदे आहेत. दमसास वाढवायला इंटरव्हल (थोडं जोरात, मग थोडं हळू, असं आलटून पालटून पळणं) लागतात, मीही करते. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. लांब पल्ल्याचे जगातले अव्वल धावपटूसुद्धा साधारण ८० टक्के सराव सोप्या वेगातच करतात. त्यांनाही सांगणार का, याला धावणं म्हणत नाहीत म्हणून?

मला सावरलं ते मैदानावरच्या एका काकांनी. "बोलत बोलत पळ," म्हणाले, "वाक्य तुटलं की वेग कमी कर." पहिले पंधरा दिवस लाज वाटायची, सगळे पुढे निघून जायचे. तिसऱ्या आठवड्यात एकदा डोळे उघडले तेव्हा उजाडलेलं होतं. रात्री जागच आली नव्हती. अंथरुणात बसून रडले मी. पुढे आठ महिन्यांनी १० किलोमीटर ५४ मिनिटांत झाले. पण खरं सांगू, मला ती रात्रच जास्त आठवते.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या गृहस्थांनाही कदाचित रात्री तीनला जाग येत असेल. मलाही तेव्हा हळू पळणाऱ्यांचा असाच राग यायचा.

मुलगा आता दहा वर्षांचा आहे. लेस स्वतः बांधतो आणि टोकं अजूनही आत खोचतो. मी बघते आणि काही बोलत नाही.

बाई गं, तो फोटो परत टाक. रविवारी मी तुझ्याबरोबर येते, तेच ५ किलोमीटर, तीच ४५ मिनिटं. वर्षभराचं सगळं ऐकायचंय मला, आणि त्या वेगात तुला नीट सांगता येईल.