एरर आली असती तर बरं झालं असतं

एररवर माझा राग नाही. लाल अक्षरात चार शिव्या घालून का होईना, कुठल्या ओळीत दुखतंय ते ती सांगते. डोकं खातो तो गप्प बसणारा बग.

आमचं सॉफ्टवेअर बिलांचं. बेळगाव, निपाणी, खानापूरकडचे घाऊक व्यापारी ते वापरतात. ऑफिस बेंगळुरूला, मी टिळकवाडीत घरी. तिकडच्या टीमनं बिलाच्या इंटरफेसमध्ये (म्हणजे कुठली कामं आली पाहिजेत त्या यादीत) 'सूट' नावाची एक डिफॉल्ट मेथड टाकली, म्हणजे ज्यानं स्वतःचं काही लिहिलं नाही त्याच्यासाठी तयार उत्तर. उत्तर शून्य. 2014 साली जावा 8 मध्ये ही सोय आली तीच मुळी यासाठी, की इंटरफेस वाढवला तरी तो इम्प्लिमेंट करणारे, म्हणजे ती कामं प्रत्यक्षात करणारे, जुने क्लास मोडू नयेत. थोडक्यात, कानडीत म्हणतात तसं 'स्वल्प अडजस्ट माडी', जरा सांभाळून घ्या. घाऊकवाल्या क्लासमध्ये 10 टक्के सूट नीट लिहिलेली होती. तरी सकाळी सकाळी शहापूरहून फोन : "काय ओ सायेब, सूट कुठं गेली? तुमच्या कंप्युटरनं खाल्ली काय?"

डिपेंडन्सी इंजेक्शन या पद्धतीत आपण इंटरफेस मागायचा, तो पाळणारी वस्तू फ्रेमवर्क (आमच्याकडे स्प्रिंग) आणून देतं. कशात गुंडाळून देतं ते विचारायची पद्धत नाही. पहिला संशय अर्थातच स्प्रिंगच्या प्रॉक्सीवर, म्हणजे खऱ्या वस्तूच्या जागी उभ्या केलेल्या मुनीमावर. डीबगरमध्ये नावात डॉलरची चिन्हं मिरवणाऱ्यावर संशय येतोच. पण तो निर्दोष निघाला. जावाचा डायनॅमिक प्रॉक्सी डिफॉल्ट मेथडची हाकसुद्धा पकडतो, आणि स्प्रिंग ती आत पोचवतं. घोळ होता आमच्याच टीममध्ये हातानं लिहिलेल्या, लॉग (कामाची नोंद) ठेवणाऱ्या डेकोरेटरमध्ये, म्हणजे मूळ वस्तूभोवतीच्या वेष्टणात.

"एरर नाही म्हणालास, मग डोकं धरून का बसलास?" आईनं विचारलं.

म्हटलं, "असं बघ. हॉटेलातल्या आचाऱ्याला ठाऊक आहे, बाबांना बिनसाखरेचा चहा. पोऱ्या रोज सगळ्या ऑर्डरी आत सांगतो. पण चहा ही ऑर्डर नवी आहे, ती आत सांगायची असते हे त्याला कुणी शिकवलंच नाही. मग तो बाहेरच्या किटलीतनंच ओततो."

"किटलीत साखर?"

"भरपूर."

"मग किटली बाहेर ठेवली कुणी?"

बेंगळुरूच्या मीटिंगमध्ये इतका नेमका प्रश्न कुणी विचारलेला मला आठवत नाही.

दुरुस्ती एका ओळीची : डेकोरेटरमध्ये 'सूट' लिहायची आणि आतल्या वस्तूकडे ढकलायची. यात कमीपणा काही नाही. खुद्द जावावाल्यांनाही 'सिंक्रोनाइज्ड कलेक्शन'च्या (एका वेळी एकालाच हात लावू देणाऱ्या) वेष्टणात 'रिमूव्हइफ' ही डिफॉल्ट मेथड पुन्हा लिहावी लागली, नाहीतर ती कुलूप न लावताच चालली असती. पण पुढच्या वेळी कोण लक्षात ठेवणार? म्हणून एक टेस्ट लिहिली. प्रत्येक डेकोरेटरची प्रत्येक मेथड रिफ्लेक्शननं (प्रोग्रामला स्वतःच्याच क्लासची झडती घ्यायला लावून) काढायची आणि 'इजडिफॉल्ट', म्हणजे 'तू डिफॉल्टच आहेस का?', विचारायचं. 'हो' आलं, की ती मेथड तिथं कुणी लिहिलेलीच नाही. (नुसता मॉक, म्हणजे टेस्टपुरती खोटी वस्तू, वापरून हे सापडेलच असं नाही. मॉकिटो या साधनाचा मॉकही, वेगळं काही शिकवलं नसेल तर, मुकाट्यानं शून्यच देतो.)

टेस्ट चालवली, लगेच लाल. उत्तरं जवळ साठवून ठेवणाऱ्या 'कॅशे'वाल्या डेकोरेटरमध्येही एक मेथड अशीच निसटलेली. 'गिऱ्हाइकाची थकबाकी आहे का?' या प्रश्नाला ती गेल्या दिवाळीपासून सरसकट सगळ्यांना 'नाही' म्हणतेय.

त्याबद्दल मात्र एकाही व्यापाऱ्याचा फोन आलेला नाही.