चाळिशीनंतर इलेक्ट्रिशियन होण्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण ती या कामात उभं आयुष्य घातलेल्या माणसाची आहे. म्हणून उत्तर सविस्तर देतेय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इलेक्ट्रिशियनचं काम कोवळ्या वयातच हातात बसतं. टेबलावर आयुष्य काढलेल्या माणसाने पंचेचाळिशीत पक्कड धरली, तर डोळे आणि गुडघे साथ देत नाहीत. आणि चाळिशीनंतरही हे काम शिकता येतं असं सांगणाऱ्या माझ्या लेखामुळे लोक एखादा छोटा कोर्स करून विजेत हात घालतील, स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात आणतील.

शेवटचा मुद्दा जिवाचा आहे, म्हणून आधी तोच घेते. छोट्या कोर्सने कुणी इलेक्ट्रिशियन होत नाही, याबद्दल तुमचं-माझं एकमत आहे. अनेक देशांत या कामाची उमेदवारी तीन ते पाच वर्षांची असते आणि ती तेवढी लांब असायलाच हवी. वय जास्त आहे म्हणून कुणी त्यात सूट मागू नये, आणि देणाऱ्यानेही देऊ नये. आयुष्याची वर्षं कमी उरली आहेत, हे विजेला सांगून उपयोग नाही.

ही वर्षं कशाला लागतात, ते माझ्या शिकण्याच्या काळातल्या एका प्रसंगावरून सांगते. जिन्यातल्या दिव्याचं काम होतं. खालच्या मजल्याच्या लाइटिंगचा एमसीबी (करंट फार वाढला की सर्किट आपोआप तोडणारा स्विच) पाडला, दिव्याच्या जागी फेज, म्हणजे वीज आणणारी वायर तपासली, सप्लाय नव्हता. कुणीही म्हणालं असतं, चला, उघडा जोड. ज्यांच्या हाताखाली मी शिकत होते त्यांनी थांबवलं आणि न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरला क्लॅम्प मीटर (वायर न तोडता तिच्याभोवती पकडून करंट मोजणारं मीटर) लावायला सांगितलं. सर्किट बंद, तरी त्या वायरीतून करंट वाहत होता. दिव्याला फेज खालच्या सर्किटचा होता आणि न्यूट्रल वरच्या मजल्याचा. वरचे दिवे चालू होते आणि त्यांचा करंट याच जोडातून परतत होता. तो जोड मी सोडला असता, तर वरच्या दिव्यांकडून येणारं टोक त्या दिव्यांमधून थेट फेजच्या व्होल्टेजवर गेलं असतं, आणि ते माझ्या बोटांत असतं. तोवर टेस्टरने त्या न्यूट्रलवर काहीच दाखवलं नसतं.

तुम्ही असे उसने न्यूट्रल कित्येक पाहिले असतील. हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि ती ओळ परीक्षेपुरती लक्षात राहते. कुणीतरी शेजारी उभं राहून "थांबा, आधी क्लॅम्प लावा" म्हणतं, तेव्हा ती अंगात भिनते. नवशिक्यांना मी पुन्हा पुन्हा सांगते की एमसीबी वायरीला जपतो, माणसाला नाही. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरपर्यंत निवांत बसून राहतो. माणसाच्या संरक्षणासाठी जो आरसीडी (करंट गळू लागला की सप्लाय तोडणारं उपकरण) बसवतात, त्याची मर्यादा ३० मिलिअँपिअर असते, म्हणजे त्याच्या पाचशेव्या भागाहूनही कमी. एवढ्याशा करंटने हृदयाचा ताल बिघडू शकतो. हा आकडा कळला की हात आपोआप सावकाश चालतो.

आता वयाचा मुद्दा. वरच्या प्रसंगात वाचवलं कशाने? ताकदीने नाही, चपळाईनेही नाही. तपासल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, या सवयीने वाचवलं. टेस्टर आधी चालू सप्लायवर लावून बघायचा, मग काम करायच्या जागी, आणि मग परत चालू सप्लायवर, कारण मधल्या वेळात टेस्टरच बिघडलेला असू शकतो. हे तीन टप्पे रोज, कंटाळा न करता पाळायचे असतात. मी आधी हिशेबाचं काम करायचे. जमा-खर्च जुळला तरी नोंदी पुन्हा ताडून बघायच्या, ही सवय मला नव्याने लावावी लागली नाही. परिचारिका, शिक्षक, यंत्रावर काम केलेले कामगार, अशा अनेकांकडे ती असते. तरुण मुलांमध्ये ती नसतेच असं मी म्हणत नाही, पण घाई त्या वयाला जास्त चिकटलेली असते, हे तुम्हीही मान्य कराल.

मोठ्या वयाची अडचण मला वेगळ्याच ठिकाणी दिसते, आणि तुमच्या प्रतिक्रियेत ती आलेली नाही. ती आहे विचारण्याची लाज. आधीच्या नोकरीत ज्याच्याकडे दहाजण सल्ला मागायला यायचे, त्याला आता आपल्या मुलाच्या वयाच्या मिस्त्रीला विचारावं लागतं, की हे टोक कुठलं? ते जड जातं. मग माणूस अंदाज बांधतो, आणि या कामात अंदाजाला जागा नाही. माझे शिकवणारे माझ्याहून बरेच लहान होते. ते मला ताई म्हणायचे, मी त्यांना सर म्हणायचे, आणि पहिले कित्येक महिने सामान धरणं, खोबणी काढणं, कचरा उचलणं हेच माझं काम होतं. ज्याला हे मनापासून चालणार नसेल त्याने या वाटेला येऊ नये, हे मी माझ्या लेखात लिहिलं होतं आणि पुन्हा लिहिते.

हाताच्या कसबाबद्दल तुमचं बरोबर आहे, मोठ्या वयात ते उशिरा येतं. वायर सोलताना तांब्यावर पात्याची रेघ उमटली, तर ती तिथेच वाकून तुटते. बोटांना तो दाब कळायला वेळ लागतो. पण जोड नीट झालाय का, हे ओळखायला कोवळी बोटं लागतात असं नाही. स्क्रू ठरलेल्या टॉर्कने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायचा, वायर ओढून बघायची, इन्सुलेशन (वायरीवरचं आवरण) पकडीत अडकलेलं नाही ना हे पाहायचं. ढिल्या जोडाचा रोध समजा अर्धा ओहम आहे आणि त्यातून १० अँपिअर जातोय, तर बोटाच्या पेराएवढ्या जागेत ५० वॉट उष्णता तयार होते. एमसीबी पडत नाही, कारण करंट नेहमीएवढाच असतो. प्लास्टिक हळूहळू पिवळं पडतं, मग काळं. असे जोड सगळ्या वयाच्या लोकांनी केलेले मी पाहिलेत, आणि त्यांतले बरेच काम उरकण्याच्या नादात झालेले होते.

डोळे आणि गुडघे यांबद्दल मला फार वाद घालायचा नाही. चाळिशीचा चष्मा आणि डोक्याला लावायचा दिवा, एवढ्याने पॅनेलमधलं काम दिसतं. रंग ओळखण्यात अडचण आहे का, हे मात्र फी भरायच्या आधीच तपासून घ्यावं, कारण वायरींची ओळख रंगावर आहे. दिवसभर डोक्यावर हात धरून ड्रिल मारणं पन्नाशीत झेपत नाही, हे खरं. पण या क्षेत्रात तपासणीचं काम आहे, देखभाल आहे, पॅनेल जोडणी आहे. २३० व्होल्टच्या सर्किटला ५०० व्होल्ट डीसीने मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर) लावून इन्सुलेशन १ मेगाओहमच्या वर आहे का ते बघणं, आकडे नोंदवणं, कमी आलं तर एकेक भाग सुटा करून दोष शोधणं, यात गुडघ्यांपेक्षा चिकाटी लागते. मला स्वतःला हेच काम सगळ्यांत आवडतं. दोष सापडतो तो क्षण मला आधीच्या नोकरीत कधी मिळाला नव्हता.

तुम्ही शेवटी लिहिलंय, "असा माणूस माझ्याकडे आला तर मी परत पाठवीन." माझी विनंती आहे, पाठवू नका. त्याला आधी एक आठवडा फक्त मोजमाप करू द्या, कुठलाही स्क्रू सोडू देऊ नका. मीटर कुठल्या रेंजवर आहे हे तो दर वेळी बघतो का, न समजलेलं विचारतो का, एवढं पाहा. दोन्हींपैकी एक जरी नसेल, तर खुशाल परत पाठवा. असेल तर ठेवून घ्या. आणि इतकी वर्षं काम करताना एमसीबी पाडूनही वायर जिवंत निघाल्याची जी उदाहरणं तुम्ही पाहिलीत, ती इथे लिहिलीत तर फार बरं होईल. शिकायला निघालेले बरेचजण हे पान वाचतात, आणि त्यांना माझ्या लेखाइतकीच तुमच्या अनुभवाची गरज आहे.