पानं मोजून झाली असतील तर

सीबीएसईच्या पुस्तकात मराठ्यांना पानं किती, २०२३ मध्ये एनसीईआरटीने बारावीतलं मुघल दरबाराचं प्रकरण का गाळलं, हे वाद मी कॅलिफोर्नियात बसून वाचते. बाकावर कोण बसलंय, याची चौकशी त्यात क्वचितच दिसते.

सेंट्रल व्हॅलीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी अमेरिकेचा इतिहास शिकवते. वर्गात मेक्सिकन शेतमजुरांची मुलं, फिलिपिनो, पंजाबी, आग्नेय आशियातून आलेले ह्मोंग. १९६८-६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेटच्या विद्यार्थ्यांनी जवळपास पाच महिने संप केला, तेव्हा एथ्निक स्टडीज, म्हणजे गोऱ्यांपलीकडच्या समाजांचा इतिहास आणि अनुभव शिकवणारा विषय, उभा राहिला. मला तो मनापासून हवा आहे. पण ‘तुमच्या लोकांचा इतिहास’ म्हणजे गौरवगाथा, ही समजूत इथेही आहेच.

म्हणून मी भगतसिंग थिंड यांचा खटला घेते. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेल्या या शीख तरुणाने नागरिकत्व मागितलं. आफ्रिकी वंशाचे नसाल, तर तेव्हाच्या कायद्याला त्यासाठी ‘गोरे’ हवे होते. वकील होते सखाराम गणेश पंडित. युक्तिवाद असा, की उच्चवर्णीय हिंदू आर्य, म्हणून गोरे. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला आणि आधी नागरिकत्व मिळालेल्या कित्येक भारतीयांचंही ते काढून घेण्यात आलं. पंजाबी मुलं निकालावर चिडतात. मग युक्तिवाद नीट वाचतात आणि जातीबद्दल बोलू लागतात, घरी न बोललेलंही. मेक्सिकनांना मात्र १८९७ च्या एका निकालामुळे नागरिकत्वाची वाट मोकळी होती, हे कळल्यावर शेजारच्या बाकांवरूनही प्रश्न येतात. मला हवा असतो तो तास हाच.

गडचिरोलीच्या कॉलेजात हे का होऊ नये? गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके इंग्रजांशी लढले, १८५८ मध्ये चांद्याला (आजच्या चंद्रपूरला) फाशी गेले. त्यांना पकडून देणारी अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई, तीही गोंडच. पुतळा आणि जयंती पुरेशी मानली, तर गोंड मुलीच्या वाट्याला हा दुसरा भाग येतच नाही. तो तिचाही इतिहास आहे, आणि तो पेलायची ताकद तिच्यात आहे.

यासाठी चांद्याचे जुने कागद वर्गात आणणारा, मुलांच्या घरातल्या गोष्टी ऐकून घेणारा प्राध्यापक लागतो. तासिका तत्त्वावर, दरवर्षी नव्या नेमणुकीची वाट पाहत राबणाऱ्या माणसाकडून ही अपेक्षा धरणं अन्याय आहे. पानांसाठी जेवढा आवाज उठतो, तेवढा प्राध्यापकांच्या या रिकाम्या जागांसाठी उठायला हवा.