चौघांची असाइनमेंट आणि एक वॉम्बॅट

माझ्या पीएचडीचा विषय आहे ऑनलाइन कोलॅबरेटिव्ह लर्निंग, म्हणजे लांबलांब बसलेली माणसं नेटवर एकत्र येऊन एकमेकांकडून कशी शिकतात. विषय सांगितला की लोक विचारतात, "पण शिकतात का?" पूर्वी मी यावर वीस मिनिटं बोलायचे. मग कोर्सवर्कमध्ये चौघांची मिळून एक असाइनमेंट आली, तीही याच विषयावर, तेव्हापासून मी नुसतं "बघू" म्हणते.

सुरुवात व्हॉट्सॲप ग्रुपपासून. मी लिहिलं, "शनिवारी रात्री नऊला कॉल घेऊया का?" आले तीन अंगठे. शनिवारी नऊला कॉलवर मी आणि समोर माझाच चेहरा. साडेनऊला विचारलं, येताय ना, तर परत तीन अंगठे. चौघंही मास्टर्स झालेले आणि ग्रुपवर बघावं तर सगळे अंगठाछाप!

आता याला शास्त्रात नाव आहे, सोशल लोफिंग. रिंगेलमान नावाच्या एका फ्रेंच शेतकी इंजिनिअरनं माणसांना दोर ओढायला लावला होता, 1913 साली त्याचे आकडे छापून आले, तर आठजण मिळून ओढायला लागले की एकेकाचा जोर जवळपास निम्म्यावर. पुढे 1979 मध्ये अमेरिकेत लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून तेच दिसलं, म्हणजे घोळक्यात माणूस ओरडायचीसुद्धा कंजुषी करतो. हे वाचून मला इतकं बरं वाटलं की तो पेपर मी लगेच ग्रुपवर टाकला.

तीन अंगठे.

मग म्हटलं जिगसॉ करू. ही ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाची 1971 मधली युक्ती, अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांमधली. धड्याचे तुकडे करायचे, प्रत्येक मुलाकडे एकच तुकडा, त्यामुळे बाकीच्यांना त्याचं ऐकण्यावाचून गत्यंतर नाही. शाळेतल्या पोरांना जमलं हो! आमच्यात एकानं स्वतःचा सोडून दुसरीचा तुकडा वाचला, ती म्हणाली "अरे मग झालंच की माझं", आणि तिसरा "माझ्याकडे निष्कर्ष आहे, तुमचं होऊ दे, मग मी बसतो" म्हणून जो निवांत झाला तो झालाच. अधूनमधून कुणीतरी डॉकमध्ये काहीतरी टाकायचं, पण त्याला काही लिहिणं म्हणत नाहीत.

सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजता गूगल डॉकमध्ये मी एकटी. तेवढ्यात वरच्या कोपऱ्यात एक गोल उगवला, अनामिक वॉम्बॅट. लॉगिन न करता नुसत्या लिंकवरून कुणी आत आलं की त्याला असं एखाद्या प्राण्याचं नाव मिळतं. त्याचा कर्सर माझ्या दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी येऊन थांबला. काही लिहीना, हलेना, नुसता लुकलुक. मला वाटलं, आला एकदाचा आमच्यातला कुणीतरी, लाजून प्राण्याच्या वेषात. तिथेच टाइप केलं, "कोण आहे?" लुकलुक. "आलाच आहात तर रेफरन्स तरी लावा." कर्सर दोन ओळी खाली सरकला आणि वॉम्बॅट गायब. गॅरिसन वगैरे संशोधक मंडळींनी 2000 साली मांडलंय की ऑनलाइन शिकायला तीन उपस्थिती लागतात, विचारांची, माणसांची आणि शिकवणाऱ्याची. माझ्याकडे एकच, वॉम्बॅटची, आणि तीही गेली. रागारागात उरलेलं सगळं लिहून काढलं, चौघांची नावं घातली (माझं पहिलं) आणि मॅडमना पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. समोर व्हर्जन हिस्टरी उघडलेली, म्हणजे डॉकमध्ये कुणी कधी काय लिहिलं-पुसलं त्याची नोंद, प्रत्येकाचा रंग वेगळा आणि माझा जांभळा नुसता सांडल्यासारखा पानभर. म्हटलं चला, आज न्याय होणार. मी दोराची गोष्ट सुरू केली.

"तो दोर राहू दे, हे बघ," म्हणत त्या एकेक क्लिक करत मागे जायला लागल्या. 12 तारखेला रात्री साडेदहाला हिरव्या रंगात सात ओळी आलेल्या. दहा चौतीसला जांभळ्यानं पुसल्या. 14 तारखेला एक केशरी परिच्छेद, चांगला ऐसपैस, तो अकरा मिनिटं जगला. आणि निष्कर्षवाल्यानं चक्क निष्कर्ष लिहिलेला! त्याच्या जागी आता माझा होता, म्हणजे त्याचाच, फक्त "म्हणून"चं "परिणामतः" झालेलं.

"भाषा नीट करत होते मॅडम."

"तिघांचीही?"

मी व्हर्जन हिस्टरीकडे बघत राहिले. चार मिनिटांत सात ओळी. एवढ्या वेळात मी त्या वाचल्या तरी होत्या का, हे मलाच आठवेना.

उठून निघाले तर मॅडमनी मागून हाक मारली. "आणि अगं, दुसऱ्या परिच्छेदाला रेफरन्स नाहीये. रात्री दोनला मला लावायला सांगत होतीस, तो तुझा तूच लाव."