दुसरी पृथ्वी सापडली म्हणे!

सकाळी पावणेसातला फोन वाजला की मी ओळखते, रातोरात कुठेतरी दुसरी पृथ्वी सापडलेली आहे. वर्षातून तीन-चारदा तरी ती सापडतेच. फोनवर काका असतात आणि आवाजात तक्रार असते. "अगं, पेपरात आलंय, दुसरी पृथ्वी सापडली म्हणे! तू त्याच खात्यात ना? मग घरच्यांना आधी सांगायला काय होतं?"

दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह हा माझ्या कामाचा विषय. त्यातही राहण्यायोग्य ग्रह. ओळख करून देताना हे शब्द तोंडातून निघतात आणि मी फसते. ऐकणाऱ्यांपैकी काहीजण तळहात पुढे करतात, त्यांचं सोडून देते. उरलेले ताबा कधी मिळणार ते विचारतात.

काकांची जात वेगळी. ते आयुष्यभर लेखापरीक्षक होते. निवृत्तीनंतर तपासायला दुसऱ्याच्या वह्या मिळत नाहीत, म्हणून ते माझं विश्व तपासतात.

परवाच्या बातमीबरोबर चित्र होतं. निळाशार गोल, पांढरे ढग, कडेला सोनेरी किनारा. मी काकांना सांगून टाकलं की हे चित्रकाराने काढलंय.

"म्हणजे फोटो नाही?"

"नाही."

"मग तुमच्याकडे आहे काय?"

"आलेख. ताऱ्याचा उजेड मोजायचा. रेघ सरळ जाते. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की जरा खाली येते, मग परत वर."

"जरा म्हणजे किती?"

इथे मी आवंढा गिळला. आपल्या पृथ्वीसारखा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला तर उजेड ०.००८४ टक्क्यांनी कमी होतो. पलीकडे शांतता पसरली. मग काका म्हणाले, "एवढा फरक आम्ही किरकोळ म्हणून सोडून देत होतो."

त्यांचं चूक नाही. आमचा धंदाच किरकोळीवर चाललाय. शिवाय ही घट फार तर तेरा तास टिकते आणि वर्षातून एकदाच दिसते. तीही ग्रहाची कक्षा नेमकी आपल्या नजरेच्या रेषेत आली तरच, आणि सूर्य-पृथ्वीसारख्या जोडीत तशी येण्याची शक्यता दोनशेत एक. मग उपाय काय, तर एकाच वेळी भरपूर ताऱ्यांवर नजर ठेवून बसायचं. २००९ मध्ये अवकाशात सोडलेली केप्लर दुर्बीण सुमारे दीड लाख ताऱ्यांकडे टक लावून बसली होती. तिला स्थिर ठेवायला चार चाकं होती, त्यांतली तीन तरी चालायला हवीत. २०१२ मध्ये एक गेलं, २०१३ मध्ये दुसरं. तेव्हा आमच्या लोकांनी सूर्यप्रकाशाच्या दाबाचा आधार घेऊन तिला तोलून धरलं आणि २०१८ पर्यंत काम करून घेतलं. दोन चाकांवर, उन्हाला टेकून उभी राहिलेली दुर्बीण! हे मी काकांना फार अभिमानाने सांगितलं. त्यांनी विचारलं, "सुटी चाकं जास्तीची का नव्हती पाठवली?"

खरी पंचाईत 'राहण्यायोग्य' या शब्दाने केली आहे. तो आम्हीच रूढ केला, त्यामुळे तक्रार तरी कुठे करणार? आमच्या भाषेत त्याचा अर्थ इतकाच, की ग्रह ताऱ्यापासून अशा अंतरावर आहे, जिथे योग्य ती हवा असली तर पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल. हवा आहे का, पाणी आहे का, ते पुढचं पुढे. २०१३ मध्ये या पट्ट्याचं नवं गणित झालं. सूर्यापासून पृथ्वीपर्यंतचं अंतर १ धरलं, तर त्यात सूर्याभोवतीच्या पट्ट्याची आतली कड आली ०.९९ वर. पृथ्वी आहे १ वर.

"म्हणजे आपण काठावर पास?" काका म्हणाले. त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं असावं.

आणि दुरून पाहणाऱ्याला शुक्र तर आपला जुळा भाऊच वाटेल. व्यास पृथ्वीच्या ९५ टक्के, वस्तुमान ८१ टक्के. आमच्यासारखंच कोणी तिकडे बसलं असेल, तर त्यांच्या वर्तमानपत्रात शुक्राचंही निळं चित्र छापून आलं असेल. प्रत्यक्षात तिथे तापमान ४६५ अंशांच्या आसपास आणि हवेचा दाब आपल्या नव्वद पटींहून जास्त. १९८२ मध्ये व्हेनेरा १३ हे यान तिथे उतरलं आणि १२७ मिनिटं टिकलं. हा मोठा पराक्रम होता, कारण अपेक्षा ३२ मिनिटांची होती. निळ्या रंगाचंही तसंच. एचडी १८९७३३ बी नावाचा एक ग्रह खरोखर निळा असल्याचं हबल दुर्बिणीने २०१३ मध्ये दाखवलं. तिथे वारे ताशी हजारो किलोमीटर वेगाने वाहतात आणि पाऊस पडत असेल तर तो बहुधा काचेचा, तोही आडवा.

"बरं, जवळात जवळचं काय आहे?" काकांनी विचारलं.

मी प्रॉक्झिमा सेंटॉरी या ताऱ्याचा ग्रह, प्रॉक्झिमा सेंटॉरी बी, काढला. २०१६ मध्ये जाहीर झालेला, सव्वाचार प्रकाशवर्षांवरचा, आणि अंतराच्या पट्ट्यात बसणारा.

"पाणी?"

"असू शकतं."

"हवा?"

"असू शकते."

"वजन तरी मोजलंय?"

"पृथ्वीच्या किमान १.०७ पट."

"किमान म्हणजे? कमाल किती?"

"ते कक्षा किती कललेली आहे त्यावर."

"आणि ती किती कललेली आहे?"

मी विषय बदलला आणि सांगितलं, की तिथे वर्ष ११ दिवसांचं असतं.

काकांचा श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं. "दर अकरा दिवसांनी वर्षअखेर?" त्यांनी तिथल्या तिथे शेरा मारला: ग्रह राहण्यास अयोग्य. त्या ताऱ्यावर उसळणारे भडके, ग्रहाची एक बाजू कायम उजेडात आणि दुसरी कायम अंधारात असण्याची शक्यता, यांवर आमच्याकडे चर्चेवर चर्चा झडतात. वर्षअखेरीचा मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही.

पण काकांचा एक प्रश्न मला मनापासून आवडला. "तुमची ही पद्धत आधी माहितीतल्या खात्यावर चालवून पाहिली का?" म्हणजे पृथ्वीवर. पाहिली आहे! डिसेंबर १९९० मध्ये गुरूकडे निघालेलं गॅलिलिओ यान वाटेत पृथ्वीजवळून गेलं. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांनी त्याची उपकरणं आपल्याकडेच वळवली, आणि इथे कोणी राहतं का याचा १९९३ मध्ये रीतसर शोधनिबंध लिहिला. ऑक्सिजन सापडला, मिथेन सापडला, तांबडा प्रकाश शोषणारं काहीतरी जमिनीवर पसरलेलं दिसलं, आणि नैसर्गिक वाटत नाहीत अशा रेडिओलहरी आल्या. फोटो मात्र ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकाचे होते, त्यांत वस्तीची निर्विवाद अशी खूण नव्हती. सगळं जुळवून पाहता इथे जीवन असावं, असं ठरलं.

"चला," काका म्हणाले, "आपण आहोत."

कधीकधी वाटतं, काकांच्या स्वभावाचा एक माणूस प्रत्येक वेधशाळेत हवा. पर्सिव्हल लोवेल यांनी मंगळावर कालवे पाहिले हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी शुक्रावरही चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा पाहिल्या होत्या, आणि त्या बहुधा त्यांच्याच डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांच्या सावल्या होत्या. दुर्बिणीचं तोंड त्यांनी इतकं बारीक केलं होतं, की शुक्राऐवजी स्वतःच्या डोळ्याचा नकाशा निघाला.

खगोलशास्त्रज्ञ पीटर व्हान डे काम्प यांची गोष्ट मात्र हसत सांगता येत नाही. १९३८ पासून ते बर्नार्डच्या ताऱ्याच्या छायाचित्रपट्ट्या जमवत होते. १९६३ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की तारा किंचित डुलतोय, तेव्हा त्याला ओढणारा ग्रह असला पाहिजे. दहा वर्षांनी दुसऱ्यांनी मोजून पाहिलं तर तारा शांत. डुलणं दुर्बिणीचं होतं. तिच्या भिंगाची डागडुजी जेव्हा झाली, तेव्हाच सगळे तारे मिळून हलले होते. व्हान डे काम्प यांनी ते कधीच मान्य केलं नाही. मे १९९५ मध्ये ते गेले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मेयर आणि केलोझ यांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला पहिला ग्रह जाहीर केला, ५१ पेगासी या ताऱ्याचा. पुढे २०२४-२५ मध्ये बर्नार्डच्या ताऱ्याभोवती खरोखरच चार ग्रह निघाले. पण छोटे, ताऱ्याला चिकटून फिरणारे आणि तापलेले. व्हान डे काम्प यांना हवे होते ते नाहीतच.

ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते, गंभीर चेहऱ्याने. त्यामुळे पुढचं सांगायला जरा लाज वाटते.

गेल्या वर्षी एका रात्री मला खड्डा दिसला. आलेखात. लहानसा, गोलसर, बरोबर १९ दिवसांनी परत येणारा. एकदा, दोनदा, तीनदा, चौथ्यांदाही. तारा मंद, अंतराचा हिशेब पट्ट्यात चपखल बसणारा. पहाटेचे चार वाजले होते. सहकाऱ्यांना कळवायचं तर आधी दहा तपासण्या कराव्या लागतात, हे मला पाठ आहे. म्हणून मी काकांना फोन केला.

"काका, सापडला."

ते झोपेतून उठले होते, तरी त्यांनी पुरावा मागितला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. नुसतं म्हणाले, "शाब्बास."

सकाळी अकराला माझ्या विद्यार्थिनीने आलेख पाहिला आणि हळूच म्हणाली, "मॅडम, एक आड एक खड्डा थोडा उथळ आहे." झालं. ग्रह दर फेरीला तेवढाच उजेड अडवतो. खड्डे आळीपाळीने खोल आणि उथळ आले की समजायचं, तिथे ग्रह नाही. माझ्या ताऱ्याच्या मागे, त्याच रेषेत, फार दूर दोन तारे होते. ते एकमेकांभोवती ३८ दिवसांत फिरत होते आणि पाळीपाळीने एकमेकांना झाकत होते. त्यांचे खड्डे माझ्या ताऱ्याच्या उजेडात मिसळून आले, म्हणून इवलेसे दिसले. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. मी ती शिकवते.

तोवर काकांनी आत्यांना कळवलं होतं, आत्यांनी दोन्ही मावश्यांना, आणि दुपारपर्यंत एका चुलतभावाने निळं चित्रही पाठवलं होतं. ग्रहाला माझं नाव दिलेलं होतं. मी काकांना फोन करून दोन ताऱ्यांचं सगळं समजावून सांगितलं. ते "हं" म्हणाले आणि पंधरा दिवस फोन आला नाही. दरम्यान एक दुसरी पृथ्वी सापडली, तरी आला नाही.

मग मीच त्यांच्याकडे गेले. ते दाराकडे पाठ करून फोनवर कोणाला तरी समजावत होते. पलीकडचा माणूस फारच खोदून विचारत असावा, कारण काकांचा आवाज चढला होता.

"नाही हो, सापडला-बिपडला काही नाही," ते म्हणाले. "आमच्या पोरीचा तसा ग्रह झाला होता."