पाचटातून डीएपी 'तयार' होत नाही

'पाचटावर बुरशीचं द्रावण फवारा आणि डीएपीची गोणी विसरा' असा संदेश सध्या फिरतोय. पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं आणि डीएपी म्हणजे मुख्यतः स्फुरद (फॉस्फरस) देणारं रासायनिक खत. त्यातलं अर्धंच खरं आहे.

स्फुरद हे मूलद्रव्य आहे. कोणतीही बुरशी ते निर्माण करत नाही. नत्रासारखा तो हवेतूनही ओढता येत नाही. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत दिलेला स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो. ॲस्परजिलस नायजरसारखी बुरशी सायट्रिक, ऑक्झॅलिक आम्लं सोडून त्यातला काही मोकळा करते, एवढंच. पाचट हे तिचं खाद्य, त्यात स्वतःचा स्फुरद जेमतेम. कच्चं गाडलं तर सूक्ष्मजीवच जमिनीतलं नत्र काही काळ अडकवतात आणि पीक पिवळं पडतं. कंपोस्ट करताना रॉक फॉस्फेट (स्फुरद असलेल्या खडकाची भुकटी) मिसळलं, तर मात्र युक्ती कामाची.

मायकोरायझा हा बुरशीचा वेगळा प्रकार. ती मुळांत राहून आपल्या तंतूंनी लांबचा स्फुरद आणते. कोबी, फ्लॉवर, मोहरीच्या मुळांत ती सहसा वसतच नाही, तरी त्यांच्यासाठीही विकत घेतली जाते!

डीएपीत १८ टक्के नत्रही असतं, ते त्या संदेशाच्या हिशेबात नाहीच. माती परीक्षणात स्फुरद भरपूर निघाला तर मात्रा कमी करा. कमी निघाला तर खत द्यावंच लागेल.